धोंडीबा ज्याचं नाव घेतो

धोंडीबा प्रार्थनेला उभा राहिला की मंडळी आधी पाय मोकळे करून घेत, म्हातारी माणसं टेकायला भिंत शोधत आणि त्याची बायको राहीबाई आपण चुलीवर काय ठेवून आलोय ते एकदा मनात आठवून घेई. राज्यकर्त्यांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी करायची त्याची प्रार्थना दिल्लीहून निघे, हैदराबादेला विसावा घेई, आदिलाबादेत कलेक्टरला भेटे आणि गावच्या लाइनमनपाशी येऊन संपे. मधला एकही थांबा चुकवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

वडगव्हाणात ख्रिस्ती घरं पाच, आणि प्रार्थनेचं घर म्हणजे कुडाच्या भिंतींची, कौलारू अशी एक लांबट खोली. पाळक आदिलाबादेहून महिन्यातून एकदा येत. बाकीचे ऐतवार मंडळीतला वडीलधारा म्हणून धोंडीबाच्या अंगावर पडत. आठवडाभर तो वांगी पिकवायचा आणि इचोड्याच्या बाजारात नेऊन विकायचा, आणि ऐतवारची तयारीही तिथंच करायचा. शास्त्रात सांगून ठेवलंय की ज्यांच्या हाती राज्य आहे त्यांच्यासाठी देवाजवळ मागा. दुसरीकडं हे काम एका वाक्यात उरकतात, की देवा, आमच्या सगळ्या अधिकाऱ्यांना सुबुद्धी दे. धोंडीबाला असला मोघमपणा पटत नसे. 'कोणाला तरी वांगी पोचवा' म्हटलं तर ती कोणाच्या घरी पोचणार, असा त्याचा सवाल होता. नाव सांगितलं पाहिजे, हुद्दाही सांगितला पाहिजे.

आता अधिकारी सगळे तेलुगू मुलखातले. त्यांच्या नावाआधी अक्षरांची रांग, आणि नाव त्या रांगेच्या शेवटी कुठंतरी उभं. धोंडीबा त्या अक्षरांचाही पिच्छा सोडत नसे. सरकारी ऑफिसातल्या अटेंडरला वांगी देऊन प्रत्येक अक्षरामागं कोण दडलंय ते तो काढून घेई आणि बैलगाडीतून परतताना मोठ्यानं घोकत येई. त्याच्या बैलांनाही कलेक्टरांचं पूर्ण नाव पाठ झालंय, असं राहीबाई म्हणायची.

हे सगळं सुखानं चाललं असतं. पण सरकारनं एक हुकूम काढून राज्यातले झाडून सगळे पटेल आणि पटवारी बरखास्त केले.

वडगव्हाणची पटेलकी, म्हणजे गावची पाटीलकी, उद्धवरावांकडं होती. त्यांच्या बापाकडं होती, आज्याकडं होती, निजामाच्या काळापासून होती. धोंडीबा वर्षानुवर्षं कलेक्टर आणि तहसीलदारानंतर 'आमच्या गावचे पटेल उद्धवराव' असं स्वच्छ नाव घेत आला होता. हुकूम आला त्या आठवड्यात उद्धवराव चावडीच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले की धोंडीबा दर ऐतवारी माझं नाव देवाच्या कानावर घालत राह्यला, तवा देवानं शेवटी चौकशी लावली. लोक हसले. राज्यातल्या हजारो पटेलांचं तेच झालं होतं, पण त्या हजारोंसाठी कोणी प्रार्थना करत होतं का, असं उद्धवरावांनी विचारलं तेव्हा हसणं जरा कमी झालं.

मग तालुके मोडून मंडळं झाली. तहसीलदार गेला आणि त्याच्या जागी एम्मारो नावाचा मंडळाचा महसूल अधिकारी आला. धोंडीबानं त्याचं नाव घोकलं, प्रार्थनेत घेतलं आणि वर्ष पुरं व्हायच्या आत त्याची बदली झाली. दुसरा आला, त्याचंही तेच. खरी गोष्ट अशी की आमच्या जिल्ह्यात साहेब लोक यायचे ते शिक्षा म्हणून, आणि ट्रंक खाली ठेवल्या दिवसापासून परत जायच्या खटपटीला लागायचे. पण गावाला कारण लागतं, आणि धोंडीबा आयता सापडला. धोंडीबा ज्याचं नाव घेतो त्याची बदली होते, हे वडगव्हाणात ठरून गेलं आणि तिथून तामसी गावापर्यंत पसरलं.

लोक येऊ लागले. कोणाला रेशन दुकानदार नको होता, कोणाला जंगलखात्याचा शिपाई. बायका चिंचेचे गोळे आणून राहीबाईच्या हातात ठेवत आणि हळूच नाव सांगून जात. धोंडीबा कळवळून सांगे की बाई, मी आशीर्वाद मागून राह्यलो, कोणाचं वाटोळं नाही. त्या म्हणत, हो हो, तसाच आशीर्वाद आमच्याही शिपायाला मिळू दे. शाळेचे मास्तर मंगळवारी येऊन शुक्रवारी जायचे, ते एके दिवशी दारात हात जोडून उभे राहिले. त्यांच्या सासूचं गाव जवळ होतं आणि त्यांना ही शाळा सोडायची नव्हती. आपलं नाव प्रार्थनेत येऊ नये एवढंच त्यांचं मागणं होतं. त्या दिवसापासून ते सोमवारी सकाळी शाळेत दिसू लागले. लाइनमन तर कोणी न बोलावता खांबावर चढू लागला. सरकारला जे जमलं नव्हतं ते नुसत्या प्रार्थनेच्या धाकानं होत होतं, आणि सगळ्या गावात या कारभारानं दुःखी असा माणूस एकच होता, तो धोंडीबा.

आणि त्याच्या दुःखात भर घालायला त्याची आक्का होती.

आक्का म्हणजे देवकाबाई, धोंडीबाची थोरली विधवा बहीण. आई लवकर गेली तेव्हा हिनंच त्याला वाढवलं. गावात पहिला बाप्तिस्मा तिनं घेतला आणि मग धोंडीबाला कानाला धरून नेलं. आता ती थकली होती, खाटेवरच असायची, आणि तिला मरायचं होतं. म्हणजे घाई नव्हती, पण तयारी पूर्ण होती. पांढरं लुगडं धुऊन घडी घालून ठेवलेलं, कोणतं गीत गायचं ते ठरलेलं, कोणी रडायचं आणि कोणी रडू नये तेही सांगून झालेलं. अडत होतं ते जागेपाशी.

वडगव्हाणात ख्रिस्ती लोकांना पुरायला जागाच नव्हती. कोणी गेलं की बैलगाडीतून आदिलाबादेला न्यायचं. देवकाबाईचा नवरा भिवाजी तसाच गेला. भर उन्हाळा, रस्त्यात जंगलनाका आणि नाक्यावरचा जवान संशयी. चोरटं सागवान आहे असं समजून त्यानं गाडी उभी करून चादर उचलली. आत भिवाजी निघाला. जवान बेशुद्ध पडला आणि त्याच्या तोंडावर पाणी मारण्यात मंडळीचा तास गेला. गाव आजही हा किस्सा सांगून हसतं. देवकाबाई हसत नसे. भिवाजीला पुरलं त्या दिवसानंतर तिला त्याच्या मातीवर कधी एक फूल ठेवता आलं नव्हतं, कारण बसमध्ये चढली की तिला उलटी व्हायची.

"जितेपनी मले आदिलाबाद झेपत नाई," ती म्हणायची, "तं मेल्यावर काऊन जाऊ? मले इथंच ठेवा. त्या मोहाखाली."

ते मोहाचं झाड ओढ्याकाठच्या गायरानात होतं. तिथला एक कोपरा मंडळीला मिळावा अशी दरखास्त तहसीलदाराच्या काळापासून पडून होती. कायदा सोपा होता. साहेबानं स्वतः जागेवर यायचं, गावासमोर 'कोणाचा उजर?' म्हणून विचारायचं, आणि कोणाची हरकत नसली तर हद्दीचे दगड रोवून द्यायचे. पण साहेब येण्याआधीच उद्धवराव ऑफिसात जाऊन उजर घालत, की ती गुरांची चराई आहे. साहेब म्हणे, गावात बसून मिटवा, मग येतो. मिटेपर्यंत साहेबाची बदली. पटेलकी गेली तरी उद्धवरावांचा शब्द गावात आणि ऑफिसात चालत होता, आणि त्या कोपऱ्यावर मात्र त्यांनी कधी आपलं एक ढोरही चारलं नव्हतं.

अशात नवे एम्मारो आले, ए. व्ही. एस. कोटेश्वरराव. गोदावरीकाठचा गोरा, जाडसर माणूस. उद्धवरावांचा उजर ऐकूनही तो म्हणाला की मी येऊन डोळ्यांनी बघेन, मग ठरवेन. असं याआधी कोणी बोललं नव्हतं. धोंडीबानं आनंदानं अटेंडरला टोपलीभर वांगी दिली आणि तिन्ही अक्षरं सोडवून आणली.

घरी आल्यावर तो ती घोकायला बसला, तर खाटेवरून आक्काचा आवाज आला.

"धोंड्या, याचं नाव घ्याचं नाई."

धोंडीबा दचकला. देवकाबाईनं समजावून सांगितलं. ती आता फार दिवसांची सोबती नव्हती. हा साहेब येतो म्हणतोय. तेव्हा दगड रोवले जाईपर्यंत याच्यासाठी प्रार्थना बंद. धोंडीबा म्हणाला की आक्का, हे गावचं खूळ तू कवापासून खरं मानाया लागली? ती म्हणाली की मी मानत नाही, पण जोखीम कशाला घ्यायची. धोंडीबानं शास्त्र काढलं. तिनं, त्याला गोवर झाला होता तेव्हा ती किती रात्री जागली ते काढलं. शास्त्र हरलं.

त्या ऐतवारी धोंडीबा उभा राहिला. दिल्ली झाली, हैदराबाद झालं, कलेक्टर झाले. मग तो थांबला. पाचही घरची माणसं श्वास धरून बसली. आणि धोंडीबा एकदम लाइनमनवर आला. सगळ्यांनी सुटकेचा आमेन म्हटला, पण धोंडीबाला त्या दिवशी भाकर गेली नाही. सगळ्या पंगतीला वाढून एकाच्या पानावर काही न वाढता पुढं गेल्यासारखं त्याला झालं होतं, आणि तो एकजण उपाशी बसून आपल्याकडं बघतोय असं त्याला दिवसभर वाटत राहिलं.

पुढच्या ऐतवारी तेच, त्याच्या पुढच्याही ऐतवारी तेच. साहेब काही येईना. कापूस वेचून झाला, मोहाला फुलं लागली. देवकाबाईचा आवाज बारीक होत चालला. शेवटी धोंडीबा वांग्यांची टोपली बैलगाडीत घालून मंडळ ऑफिसात गेला.

अटेंडरनं आत जाऊन सांगितलं आणि साहेबानं त्याला ताबडतोब बोलावलं. धोंडीबा आत गेला तर साहेब एकटाच, गळ्याभोवती मफलर आणि डोळे तापानं लाल. त्यानं धोंडीबाला नीट बघून घेतलं आणि विचारलं की ज्याच्या प्रार्थनेनं बदल्या होतात तो तूच का.  आता हा आपल्याला आत टाकतो असं वाटून धोंडीबानं आपण कधीच कोणाचं वाईट मागितलं नाही हे तीनतीनदा सांगितलं. साहेबानं हात वर करून त्याला थांबवलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट माणूस दुखावलेला दिसत होता.

"लाइनमन का नाम लेता," तो म्हणाला. "मेरा नाम क्यों नहीं लेता?"

मग सगळं बाहेर आलं. त्याचं बिऱ्हाड तिकडं गोदावरीकाठी होतं. बायको, दोन मुली, म्हातारी आई. इथं आल्यापासून हिवताप त्याची पाठ सोडत नव्हता. स्वतःच्या हातानं भात शिजवायचा, तो कधी कच्चा तर कधी करपलेला. धाकटी मुलगी त्याला विसरून चालली होती. बदलीसाठी त्यानं सगळे दरवाजे ठोठावले होते. आणि मग अटेंडरनं त्याला धोंडीबाची कीर्ती सांगितली. तेव्हापासून तो दर सोमवारी अटेंडरला विचारत होता की काल माझं नाव घेतलं का.

धोंडीबाला वाटलं की देव आहे. त्यानं लगेच सांगितलं की साहेब, तुम्ही दगड रोवून द्या, पुढच्याच ऐतवारी नाव घेतो. साहेब सावध झाला. दगड रोवल्यावर तू विसरशील, म्हणाला, आधी नाव घे. धोंडीबा म्हणाला, आधी नाव घेतलं आणि तुम्ही गेलात तर दगड कोण रोवणार? साहेब म्हणाला, हुकूम हातात पडायला आठवडा तरी लागेल, तेवढ्यात रोवतो. धोंडीबा म्हणाला, मागचे साहेब तर हुकूम आल्यावर दोन दिवसही थांबले नव्हते. अशी बराच वेळ घासाघीस चालली. कोणीच पहिलं पाऊल टाकेना. शेवटी साहेब येत्या ऐतवारी स्वतः यायला तयार झाला. आधी प्रार्थना, तिथून तडक गायरान.

सौदा पक्का झाला आणि धोंडीबा बाहेर पडला. अर्ध्या रस्त्यात आल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण आत्ता प्रार्थना विकली. वांग्यांचा भाव करतो तसा त्यानं भाव केला होता, आणि वांगी तरी खरी असतात. समोरचा माणूस तापानं फणफणलेला, आणि आपण त्याला 'बरं वाटतं का' एवढंही विचारलं नाही. धोंडीबाला स्वतःची इतकी लाज वाटली की त्यानं बैलांसमोरही तोंड उघडलं नाही.

ऐतवारी साहेबाची जीप आली. मागं मोजणी करणारा गिरदावर आणि त्याची जमीन मोजायची साखळी. बातमी आधीच पसरल्यामुळं प्रार्थनेच्या घरापुढं जत्रा भरावी तसं गाव जमलं होतं. धोंडीबा एकाच प्रार्थनेत साहेबाला कसा उचलतो ते बघायचं होतं सगळ्यांना. शाळेचे मास्तर कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून मागं उभे होते. उद्धवराव नेहमीसारखे बाहेरच्या कडुनिंबाखाली, आपल्या बैलाचा खूर बघत. ऐतवारी प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या बैलाचा खूर नेमका त्याच झाडाखाली का दुखतो, हा विचार आजवर कोणी केला नव्हता. देवकाबाईची खाट दारात आणून ठेवली होती. ती भावाकडं एकटक बघत होती.

धोंडीबा उभा राहिला. दिल्ली, हैदराबाद आणि आदिलाबाद त्यानं इतक्या झटपट उरकलं की लोकांना पाय मोकळे करायलाही सवड मिळाली नाही. मग त्यानं डोळे मिटले.

"बापा," तो म्हणाला, "मी चोरी केली. आलपाटी वेंकट सुब्ब कोटेश्वरराव ह्या मानसाचं नाव मी तुह्यापासून लपवून ठेवलं. आमची जागा व्हावी म्हनून. मग त्याच्यासंग सौदा केला. तो सौदा मी मोडून राह्यलो. त्यानं दगड रोवले तं त्याची मर्जी, नाई रोवले तं त्याची मर्जी. त्याची बदली कर का नको करू, ते तू पाह्य. मी त्याच्यासाठी इतकंच मागतो. त्याचा ताप उतरू दे. त्याच्या हातचा भात चांगला शिजू दे. त्याची लहानी पोरगी त्याले विसरू नये. तिचं तोंड त्याले लवकर दिसू दे."

 साहेबाला मराठी किती कळली देव जाणे, पण स्वतःचं पूर्ण नाव, ताप, भात आणि पोरगी एवढं त्याला कळलं असावं. त्यानं मफलरनं डोळे पुसले. मंडळी आमेन म्हणायला कचरत होती, कारण सौदा मोडला म्हणजे जागा गेली. सगळ्यांनी देवकाबाईकडं पाहिलं. तिनं भावाकडं बघून मान डोलावली.

"आमेन," ती म्हणाली, आणि एवढ्या बारीक आवाजानंतर तो शब्द चांगला खणखणीत निघाला.

साहेब उठला आणि सरळ गायरानाकडं चालू लागला. मागं सगळं गाव. देवकाबाईची खाट चौघांनी उचलली. मोहाखाली फुलांचा सडा पडला होता. गिरदावरनं साखळी टाकली, कोपरे ठरले, दगड आणून ठेवले, आणि साहेबानं कायद्याप्रमाणं मोठ्यानं विचारलं की कोणाचा उजर आहे का.

"माहा हाय," उद्धवराव म्हणाले.

लोक बाजूला झाले. साहेबानं कपाळावर हात मारला. चराईचं पुन्हा सुरू होणार असं सगळ्यांना वाटलं. तेवढ्यात खाटेवरून देवकाबाई बोलली. गावात उद्धवरावांना एकेरी हाक मारणारी ती एकटीच उरली होती.

"उद्धवा, तुही ढोरं इथं कदी आली नाई. खरं काय ते सांग ना बावा. मले येळ नाई."

 उद्धवराव बोलले तेव्हा त्यांचा आवाज पटेलाचा नव्हता.

"ह्या धोंडीबानं सालोसाल माह्यं नाव घेतलं. माह्या बापाचंबी घेतलं. मी कडुनिंबाखाली उभा राहून आयकत होतो. घरातबी मले कोनी असं म्हनत नाई का ह्याले सुखी ठेव. मंग पटेलकी गेली. गेली तं गेली, सगळ्याइची गेली. पन त्या ऐतवारी मी उभा राह्यलो तं ह्यानं तहसीलदाराचं नाव घेतलं अन् सीधा लाइनमनवर गेला. तवापासून एकबी ऐतवारी माह्यं नाव नाई. काऊन? मी मेलो होतो का?"

 खरंच होतं ते. हुकूम आला त्या आठवड्यात धोंडीबानं मोठ्या इमानदारीनं पटेल हा हुद्दा प्रार्थनेतून काढून टाकला होता, आणि हुद्द्यासोबत माणूसही गेला हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. उद्धवराव रागावलेत ते देवाच्या चौकशीमुळं, असं तो इतकी वर्षं समजत आला होता. तो पुढं गेला, आणि सगळ्या गावादेखत, साहेबादेखत, उद्धवरावांचा हात त्यानं हातात घेतला.  मग त्यानं त्याला येत होतं तेच केलं.

"बापा," तो म्हणाला, "हे उद्धवराव." आणि हुद्दा सांगायची सवय होती म्हणून क्षणभर अडखळला. "आमच्या गावचे. यांले सुखी ठेव."

उद्धवरावांनी हात सोडवून घेतला, धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं आणि पहिला दगड स्वतः उचलला. गिरदावर म्हणाला की हे काम आमचं आहे. त्यांनी त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की तो साखळी गोळा करू लागला. दगड रोवून झाल्यावर देवकाबाईनं आपल्याला खाली उतरवायला लावलं. ती मोहाच्या बुंध्याशी आडवी झाली, पाय लांब करून पाहिले, एकदा डोकं पूर्वेला करून पाहिलं, एकदा पश्चिमेला. अंगावर चारदोन फुलं पडली. ऐसपैस आहे, ती म्हणाली, आणि शेजारी भिवाजीची थोडी माती आणून टाकायला धोंडीबाला सांगितलं. उद्धवराव कुरकुरले की सगळ्यात सावलीची जागा हिनंच धरली.

त्यानंतर महिन्याभरात साहेबाची बदली झाली नाही. झालं ते वेगळंच. त्याच्या बायकोनं नवऱ्याच्या तापाचं ऐकून तिकडचं बिऱ्हाड मोडलं आणि ती दोन मुली, सासू आणि सतरा गाठोडी घेऊन आदिलाबादेच्या बसमधून उतरली. साहेब धोंडीबाला बाजारात भेटला तेव्हा जाड झाला होता आणि जरा तक्रारीच्या सुरात होता. आपल्याला तिकडं जायचं होतं, म्हणाला, ते सगळेच इकडं कसे आले? धोंडीबा म्हणाला की मी पोरीचं तोंड दिसू दे म्हटलं होतं, ते कुठं दिसू दे हे सांगायचं राहून गेलं. साहेब पुढं कितीतरी वर्षं राहिला, आणि नाव घेतलं की बदली होते ही समजूत त्याच्या मुक्कामापुढं टिकली नाही. मास्तर पुन्हा मंगळवारी येऊ लागले.

देवकाबाईही काही गेली नाही. जागा हातात आल्यावर तिची घाईच संपली. रोज सकाळी काठी टेकत मोहापर्यंत जायची, आपल्या जागेवरची पानं झाडायची, भिवाजीच्या मातीवर फूल ठेवायची आणि भूक लागली म्हणून परत यायची.

आणि धोंडीबाची प्रार्थना आणखी लांबली. पुढच्या ऐतवारी ती दिल्लीहून निघाली, साहेबाचं नाव तिन्ही अक्षरांसकट घेऊन लाइनमनपर्यंत आली, आणि मंडळी उठायला लागली तरी धोंडीबाचे डोळे मिटलेलेच होते. पटवारी आदिलाबादेला पोराकडं गेला होता, त्याचं नाव त्यानं घेतलं. बदली होऊन गेलेल्या साहेबांची घेतली. राहीबाईला चुलीवरचं वरण करपल्याचा वास आला, पण ती उठली नाही. शेवटी धोंडीबानं उद्धवरावांचं नाव घेतलं, आधी काही नाही, नंतर काही नाही, नुसतं नाव.

आतल्या कोणी आमेन म्हणायच्या आधीच बाहेर कडुनिंबाखालून कोणीतरी तो म्हटला. दबक्या आवाजात, बैलाशी बोलावं तसा.